उकळलेले मणी

माणसानं डूख धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांच्या घरातल्या कुणाचा पाय गेलेला नसतो त्यांचं असं म्हणायला काय जातंय? मी डूख धरला होता आणि तीन वर्षं तो काचेच्या नळीत जिवंत ठेवला होता. हे बोलायची तऱ्हा म्हणून सांगत नाही. खरोखरची नळी होती, बोटाएवढी, तोंडाला कापसाचा बोळा घातलेली, आणि लॅबच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात असायची.

नव्वदीतली गोष्ट आहे. सांगलीत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. विश्रामबागेत एका बाईंच्या घरी मागची खोली भाड्यानं घेतली होती, तिथून सायकलनं कामावर जायची. रक्त, थुंकी, लघवी, पू, माणसाच्या अंगातून जे जे बाहेर येतं ते सगळं आमच्या टेबलावर यायचं. पू आला की त्यातले जंतू काचेच्या प्लेटवर वाढवायचे आणि त्यांना कुठलं औषध मारतं ते बघून लिहून द्यायचं, हे माझं काम. आमच्या वस्तीत तोवर पोरी शाळामास्तरीण झाल्या होत्या, नर्स झाल्या होत्या. जंतू पाळणारी मीच पहिली.

माझा धाकटा भाऊ गावी असायचा, उंब्रजजवळ. त्याला मिलिटरीत जायचं होतं. आमचे आजोबा पलटणीत होते, त्यांचे बिल्ले त्यानं ट्रंकेतून काढून पुसून ठेवलेले. रोज पहाटे हायवेच्या कडेनं पळायचा. भरतीला दोन महिने राहिले असताना उसानं भरलेली ट्रॉली वळणावर कलंडली आणि हा तिच्याखाली सापडला. उजव्या पायाची नडगी मोडली. लोकांनी उचलून साताऱ्याला नेलं, तिथल्या एका मोठ्या नाव असलेल्या हाडाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत रॉड घातला. रॉड बसला, टाके निघाले, आणि महिन्याभरात जखमेच्या टोकाला एक भोक पडून त्यातून पू यायला लागला.

तो पू आठ महिने थांबला नाही. हाडात शिरलेला जंतू लय चिवट असतो. हाडाला रक्त कमी, त्यामुळं तोंडातून दिलेलं आणि शिरेतून दिलेलं औषध तिथवर पोचता पोचता अर्धमेलं होतं. मी दर शनिवारी एस.टी.नं गावी जायची. लॅबमध्ये वाफेच्या भांड्यात निर्जंतुक केलेलं गॉज डब्यात घालून न्यायची, हात कोपरापर्यंत धुवायची आणि स्वतः पट्टी बदलायची. मधल्या दिवसांत आईला शिकवलं होतं, ती तंतोतंत तसंच करायची. त्याला वेगळी खोली दिली होती, तिथं आमची आई कुणाला चपला घालून पाय ठेवू द्यायची नाही.

आणि त्या डॉक्टरांनी भरल्या ओ.पी.डी.त, पंचवीस माणसांसमोर, पायाला हातसुद्धा न लावता काय म्हणावं? म्हणाले, "ह्या लोकांना कितीही सांगा, ह्यांची घाण सुटत नाही. कोंबड्या-शेरडांत राहायचं आणि मग पू होतो म्हणून बोंबलायचं."

आमच्या घरात कोंबडी नव्हती. शेरडूही नव्हतं. आधी त्यांनी केसपेपरवरचं आडनाव वाचलं होतं आणि ते वाचून झाल्यावरच त्यांना आमच्या घरातल्या कोंबड्या दिसायला लागल्या होत्या. आई काहीतरी सांगायला गेली, वेगळी खोली, साबण, सोडा, तर त्यांनी हातानं तिला गप्प केलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भाऊ टेबलावर पडलेला. त्याचा पाय वाचवणं त्यांच्या हातात. मी तोंडातून शब्द काढला नाही. त्या गप्प बसण्याचा राग मला त्यांच्या बोलण्यापेक्षाही जास्त आला, आणि तोही मी त्यांच्याच खात्यावर टाकला.

पुढं ताप चढला, विष अंगभर पसरायला लागलं आणि त्याच डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय कापला. वीस वर्षांचा पोरगा. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा भरतीची तारीख विचारली.

पाय कापायच्या आधी त्या जखमेतला पू मी सांगलीला आणून वाढवला होता. काम संपल्यावर असे जंतू आम्ही मारून टाकतो. हा मी मारला नाही. कारण असं की त्याच दरम्यान साताऱ्याच्या त्याच डॉक्टरांकडं ऑपरेशन झालेला एक म्हातारा आमच्याकडं दाखल झाला आणि त्याच्या पुवातला जंतू मी तपासला, तर ज्या औषधांना माझ्या भावाचा जंतू दाद देत नव्हता, नेमक्या त्याच औषधांना हाही देत नव्हता. दोन्ही जंतू सख्ख्या भावांसारखे. म्हाताऱ्याचं गाव वेगळं, घर वेगळं, जात वेगळी. सारखं काय, तर ऑपरेशनचं टेबल. मी आमच्या हाडाच्या सरांना दाखवलं. सर भले माणूस, आमच्या हॉस्पिटलचे सर्जन. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघितले आणि म्हणाले की संशय खरा असेलही, पण एवढ्यावर सिद्ध काही होत नाही. मग मी सिद्ध होईतोवर जंतू सांभाळायचं ठरवलं. दर महिन्याला नव्या नळीत पेरायचा, एक रात्र उबेत ठेवायचा, फ्रीजमध्ये टाकायचा. नळीवर नंबर होता. नाव मला पाठ होतं.

मग मण्यांचं काम सुरू झालं. सरांनी कुठल्या तरी परिषदेत ऐकलं होतं की हाडातला पू साफ केल्यावर जी पोकळी उरते तिच्यात औषध भरलेले मणी ठेवतात. बाहेरच्या देशात ते तयार मिळायचे, आपल्याकडं त्यांची किंमत ऐकूनच माणूस बरा व्हायचा. सरांनी ते इथंच करायचे ठरवले. कृत्रिम सांधा चिकटवायला जे हाडाचं सिमेंट वापरतात त्यात औषधाची पूड मिसळायची, पातळ द्राव घालून मळायचं, आणि ते घट्ट व्हायच्या आत भराभर हरभऱ्याएवढे मणी वळून पोलादी तारेत ओवायचे. सगळं निर्जंतुक हातमोजे घालून, निर्जंतुक टेबलावर. वेळ पाचेक मिनिटांचा. सिमेंट हातात तापायला लागतं आणि बघता बघता दगड होतं. थिएटरच्या सिस्टर लाडू वळण्यात पटाईत होत्या, त्यांचे मणी सगळ्यांत गोल यायचे. सरांचे चपटे.

हे मणी हाडात बसून आठवडेच्या आठवडे थोडं थोडं औषध सोडतात. सोडतात का, किती दिवस सोडतात, हे तपासायचं काम माझ्याकडं आलं. एक मणी सलाईनच्या नळीत टाकायचा, अंगाएवढ्या उबेत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मणी नव्या सलाईनमध्ये टाकायचा आणि जुनं सलाईन जंतू पेरलेल्या प्लेटवरच्या जेलीत पाडलेल्या एका भोकात ओतायचं. सलाईनमध्ये औषध उतरलं असेल तर सकाळी त्या भोकाभोवती जंतू मेलेले असतात, स्वच्छ गोल वर्तुळ दिसतं. पट्टीनं ते वर्तुळ मोजायचं आणि लिहायचं. असं रोज, महिनाभर.

प्लेटवर जंतू कुठला पेरायचा, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडं एक आहे, आख्ख्या लॅबमध्ये त्याच्याइतका चिवट दुसरा नाही. ते खोटं नव्हतं. मण्यांत जे औषध होतं ते भावाला पूर्वी शिरेतून दिलेलं आणि उपयोग झाला नव्हता. पण रक्तातून पोचतं त्याच्या कितीतरी पट औषध मण्याजवळ साठतं. पहिल्या सकाळी प्लेट उघडली तर दोन बोटं रुंद वर्तुळ. काचेसारखं लख्ख. माझ्या भावाचा पाय खाणारा तो जंतू तिथं मरून पडला होता. मी एकटीच होते टेबलाशी, म्हटलं, मर मेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरला, पुन्हा मारला. महिनाभर रोज सकाळी त्याला मरताना बघितलं आणि मग पट्टीनं मोजलं. मोजमाप अगदी काटेकोर ठेवलं हो, त्यात कधी फेरफार केला नाही. पण कामाला इतक्या आनंदानं जात असल्याचं माझं मलाच आश्चर्य वाटायचं.

सरांचे चार-पाच पेशंट मण्यांनी बरे झाले. बातमी पसरली. आजूबाजूचे डॉक्टर शिकायला यायला लागले. सरांनी एक शिस्त घालून दिली होती, की ज्याला स्वतःचे मणी करायचे त्यानं पहिली माळ आमच्या लॅबमधून तपासून घ्यायची आणि मगच पेशंटच्या अंगात घालायची. अशाच एका बुधवारी एक वयस्कर कंपाउंडर टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात बाटली, बाटलीत माळ, आणि बरोबरच्या चिठ्ठीवर साताऱ्याच्या त्या डॉक्टरांचं नाव.

म्हाताऱ्या माणसाला एस.टी.त घाम आलेला. मी त्याला बसवलं, चहा मागवला. मला त्याच्याकडून काही काढून घ्यायचं नव्हतं, पण माणूस बोलका होता आणि आपल्या साहेबांचा त्याला भारी अभिमान. सांगायला लागला की वाईची एक बाई दाखल आहे, लग्नकार्यात स्वयंपाकाला जाणारी, घाटाच्या पायरीवरून पातेल्यासकट घसरली आणि पाय मोडला. आत रॉड आहे, पू होतोय. माळ तिच्याचसाठी. सोमवारी रॉड काढून पोकळीत मणी घालायचे ठरलंय.

मी विचारलं, माळ कुणी केली. म्हणाला, साहेबांनी स्वतः. आणि मग चहाचा कप खाली ठेवून, अगदी खुशीत, "आमच्या सायबांचं काम लय कडक, ताई. मणी झालं का लगीच अर्धा तास खळाखळा उकळून घेत्यात. आमच्या थेटरात न उकळता काय बी आत जात न्हाई."

माझ्या हातातली बाटली मी हळूच टेबलावर ठेवली. कळलं मला. तिथंच, त्या क्षणी कळलं. जुन्या पिढीची ती सवय होती. सुया उकळा, कात्र्या उकळा, चिमटे उकळा. त्या हातांना मणीही एक हत्यारच वाटला. पण मण्यातलं औषध पाण्यात उतरावं म्हणून तर तो मणी केलेला असतो! अर्धा तास उकळल्यावर वरवरचं औषध पाण्यात गेलं, त्यातून चिठ्ठीत लिहिलेलं औषध फार वेळ उष्णता न सोसणारं, उरलंसुरलं आत मेलं. चहा मोरीत ओतला आणि चोथा कपात घालून पेशंटला दिला, असा प्रकार. थिएटरची शिस्त पाळणारा, उकळल्याशिवाय काही आत न घेणारा डॉक्टर, आणि त्याचे मणी म्हणजे निव्वळ गोट्या.

मी कंपाउंडरला काही बोलले नाही. चहाचे पैसे तो देऊ लागला, ते घेतले नाहीत.

नियमाप्रमाणं तपासणी केली. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी. तिन्ही सकाळी जंतू भोकाच्या काठापर्यंत दाट वाढलेले, वर्तुळाचा पत्ता नाही. मी टाइपरायटरवर रिपोर्ट टाइप केला. पहिला दिवस शून्य, दुसरा दिवस शून्य, तिसरा दिवस शून्य. खाली शेऱ्यासाठी जागा असते. तिथं एक ओळ टाइप करायला किती वेळ लागतो? मणी उकळू नयेत. तीन शब्द. मी बोटं उचलली आणि कागद बाहेर ओढला.

सरांनी रिपोर्ट बघून विचारलं, असं का झालं असेल. मी म्हटलं, कळत नाही सर. त्यांना वाटलं, औषध जुनं असणार. त्यांनी माझ्यासमोरच साताऱ्याला फोन लावून सांगितलं की ही माळ घालू नका, शून्य आलंय, औषध बदलून बघा. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण सर पुन्हा पुन्हा "नाही, नाही, लॅबची चूक नाही" असं म्हणत होते. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आठ महिने भावाचा पू पुसला होता त्याचं थोडं तरी उट्टं निघालं. वाईची बाई माझ्या डोक्यात आली नाही असं नाही. आली. मी मनाशी म्हटलं, मणी घालू नका असं सांगितलंय ना, मग झालं तर.

दहा-बारा दिवसांनी कराडला एका हॉटेलच्या हॉलमध्ये हाडाच्या डॉक्टरांची बैठक होती. सर तिथं मण्यांबद्दल बोलणार होते आणि दाखवायला म्हणून प्लेटा घेऊन मी बरोबर गेले. कुणाच्या प्लेटा घ्यायच्या हे सरांनी माझ्यावर सोडलं होतं. आमच्या चांगल्या प्लेटांच्या शेजारी मी साताऱ्याची प्लेट ठेवली. तिच्यावर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं.

हॉलच्या बाहेर तोच कंपाउंडर साहेबांची बॅग धरून उभा होता. मला बघून त्याला आनंद झाला. मी वाईच्या बाईची चौकशी केली. तो म्हणाला, ठरल्या सोमवारीच झालं ऑपरेशन, बाई उपाशी ठेवलेली, सगळं तयार होतं. फोन आल्यावर साहेबांनी रविवारी बसून ताज्या औषधाची दुसरी माळ केली. तपासायला पाठवायला वेळ कुठला? मी विचारलं, उकळली? तर जरा दुखावून म्हणाला, "म्हंजे काय ताई? उकळल्याबिगर घालतील व्हय?"

म्हणजे त्या वेळी मला पक्कं ठाऊक होतं. बाईच्या हाडात गोट्या आहेत, पू आत कोंडलाय, आणि अजून उशीर झालेला नाही. आठ-दहा दिवसच झालेत. माळ काढून चांगली घातली तर पाय वाचेल. हे सगळं माहीत असून मी हॉलमध्ये गेले आणि प्लेटा मांडल्या.

बैठकीत जे झालं ते मी आजही डोळ्यांपुढं आणू शकते. सर बोलले, मग सगळे डॉक्टर टेबलाभोवती जमले. प्लेटा हातोहात फिरल्या. साताऱ्याची प्लेट एकानं उजेडाकडं धरली आणि म्हणाला, ह्यात मणी घातला होता की शाबुदाणा? हशा झाला. ते डॉक्टर कोपऱ्यात उभे होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या. पंचवीस माणसांसमोर आमची घाण काढणारे ते, आता चाळीस माणसांसमोर उभे होते आणि कुठं बघावं ते त्यांना कळत नव्हतं. मी टेबलापलीकडं पांढऱ्या कोटात उभी होते. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. एवढीच एक गोष्ट खटकली. त्यांनी मला ओळखावं असं मला फार वाटत होतं.

गर्दी पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. प्लेट हातात घेऊन उलटीसुलटी केली. मग खालच्या आवाजात, अगदी नीट, मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोज हेच करता. काय चुकलं असेल हो माझं?"

मॅडम म्हणाले. हो म्हणाले. आणि मी म्हटलं, "ते आम्ही कसं सांगणार, सर? आमचं काम नुसतं मोजायचं."

ते मान हलवून गेले.

त्या शनिवारी मी गावी गेले. भावाला अपंगांच्या कोट्यातून एस.टी.डी.चा बूथ मिळाला होता, हायवेला, उंब्रजच्या स्टँडजवळ. कुबड्या भिंतीला टेकवून तो आत बसायचा, तीन भिंती, एक फोन आणि मीटर. मी त्याला सगळं सांगितलं, प्लेट, शाबुदाणा, लाल कान. पोरगं इतकं हसलं की फोन करायला आलेली माणसं बघायला लागली. म्हणाला, "आक्का, परत सांग." मी परत सांगितलं. मॅडम म्हणाले ते तर मी त्यांच्या आवाजात करून दाखवलं. पाय गेल्यापासून तो असा हसला नव्हता, आणि त्या हसण्यासाठी मी आणखी काहीही केलं असतं. वाईच्या बाईबद्दल मी त्याला सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

तीन महिन्यांनी एका सकाळी थिएटरमधून माझ्या टेबलावर एक बाटली आली. आत तारेत ओवलेले मणी, पुवानं माखलेले. बरोबरच्या कागदावर बाईचं वय, गाव वाई, आणि खाली सरांच्या अक्षरात लिहिलेलं की हाड सडलंय, गुडघ्याच्या वर पाय काढला. साताऱ्याहून नातेवाइकांनी तिला शेवटच्या क्षणी आमच्याकडं आणली होती.

मी ते मणी धुतले, नळीत टाकले, तपासले. शून्य. पुवात जंतू कुठला होता ते सांगायची गरज नाही. तो साताऱ्याच्या त्याच ऑपरेशनच्या टेबलावरचा होता. मला हवं होतं ते सिद्ध झालं होतं, तिसरा पुरावा माझ्या हातात होता.

मग मी सरांकडं गेले आणि आत्ताच सुचल्यासारखं म्हणाले की सर, मला वाटतं ते मणी उकळत असावेत. सर खुर्चीतून उठले. फोन लावला, पलीकडून होकार आला, आणि सरांनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून साताऱ्यात मणी उकळणं बंद झालं. जंतू एकच निघाल्याचं कळल्यावर थिएटरही महिनाभर बंद ठेवून धुऊन काढलं म्हणतात. सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. बसल्या जागी चूक हुडकून काढली, पोरगी हुशार आहे, असं जो तो म्हणायला लागला. पगारही वाढला. मी घेतला.

दोन दिवस मी वॉर्डकडं फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. कबूल करायला गेले असं म्हटलं तर चांगलं दिसेल, पण तसं काही ठरवलेलं नव्हतं.

बाई पन्नाशीची, अंगानं दणकट, हातावर जुने भाजल्याचे डाग. चादर एका बाजूला सपाट पडलेली. मी लॅबमधून आलेय म्हटल्यावर तिला वाटलं रक्त काढायला आले, तिनं हात पुढं केला. मी हात खाली ठेवला आणि खाटेशेजारी बसले. ती आपणहून बोलायला लागली. उभं राहून करायचं काम तिचं, चारशे-चारशे पानांचा स्वयंपाक. आता बसून काय होईल, फार तर भाजी चिरणं. मुलगी लग्नाची आहे. मग आवाज खाली करून म्हणाली की ही सगळी तिचीच चूक. डॉक्टरांनी पाय टेकू नको म्हणून सांगितलं होतं आणि घरी गेल्यावर तिनं दोन घागरी पाणी उचललं. पोरगी शाळेत गेलेली, घरात थेंब नव्हता. "दोन घागरीपायी पाय गेला बघ माझा. कुणाला सांगू?"

ते मात्र मला ऐकवेना. मी म्हटलं, "मावशी, तुमची काही चूक नाही. घागरींनी काही झालेलं नाही. औषधाचे मणी चुकीचे होते."

ती म्हणाली, "मग कुणाची चूक?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. टाइपरायटरवर उचललेली बोटं, कराडचा हॉल, सगळं आलं होतं.

मी म्हटलं, "डॉक्टरांची."

बाईचे डोळे भरले. तिनं माझे दोन्ही हात आपल्या भाजलेल्या हातांत घेतले, कपाळाला लावले. म्हणाली, "इतक्या लोकांत तू एकटीच खरं बोललीस, पोरी. तुझं भलं होईल."

मी हात सोडवून घेतले आणि लॅबमध्ये परत गेले. टेबलावर सकाळच्या प्लेटा मोजायच्या राहिल्या होत्या.